भातातून माणसाचं ट्रान्सफेरिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऐरोलीत राहते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या औद्योगिक पट्ट्यात, एका प्रयोगशाळेत, प्रथिनं शुद्ध करायचं काम मी एकोणीस वर्षं केलं. मध्यंतरी ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, भाताच्या दाण्यात माणसाचं ट्रान्सफेरिन हे प्रथिन कसं बनवतात, यावर बोलायला गेले. अकरावी-बारावीची मुलं होतीच, पण त्यांचे पालकही आले होते. मुरबाडहून आलेले एक भातशेतकरी होते, आणि थॅलेसेमिया झालेल्या मुलाला घेऊन उल्हासनगरहून आलेली एक आई होती. भाषण पाऊण तासाचं झालं, प्रश्न मात्र दोन तास चालले. त्यानंतर फोनवर, सोसायटीच्या जिन्यात, लग्नकार्यात, सगळीकडे तेच प्रश्न येत राहिले, म्हणून इथे नीट लिहून ठेवते आहे.

ट्रान्सफेरिन म्हणजे काय?

रक्तातलं लोह वाहून नेणारं प्रथिन. ते यकृतात तयार होतं. एका लिटर रक्तद्रवात, म्हणजे प्लाझ्मात, साधारण दोन ते साडेतीन ग्रॅम असतं.

सायकलला दोन किटल्या लावून फिरणारा दूधवाला आठवा. ट्रान्सफेरिनच्या रेणूला असेच दोन खण असतात आणि प्रत्येक खणात लोहाचा एकच अणू बसतो. तोही एकटा बसत नाही, सोबत कार्बोनेट लागतं. भरलेला रेणू पेशीच्या दारावरच्या ठरावीक ग्राहीला, म्हणजे त्याला ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो, पेशी त्याला आत ओढून घेते, आतल्या कप्प्यात आंबटपणा वाढतो आणि लोह सुटतं. मग रिकामा रेणू जसाच्या तसा रक्तात परत येतो. आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात एक रेणू अशा शंभराहून जास्त फेऱ्या मारतो. एका वेळी रक्तात ट्रान्सफेरिनवर बसलेलं लोह जेमतेम तीन मिलीग्रॅम असतं, पण दिवसभरात वीस-पंचवीस मिलीग्रॅम लोह इकडून तिकडे जातं, ते या फेऱ्यांमुळेच. त्यातलं बहुतेक अस्थिमज्जेत, नव्या लाल पेशींसाठी जातं.

लोह नुसतंच रक्तात फिरलं तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं. सुटं लोह पेशींना इजा करणारे रेणू तयार करतं, आणि जिवाणूंना आयतं खाद्य मिळतं. निरोगी माणसात ट्रान्सफेरिनचे साधारण एक तृतीयांशच खण भरलेले असतात. उरलेले रिकामे खण हा आपला बंदोबस्त आहे: कुठे सुटं लोह दिसलं की उचल. मेंदूज्वराच्या एका जिवाणूने तर माणसाच्या ट्रान्सफेरिनमधून लोह चोरण्यासाठी स्वतःच्या अंगावर खास ग्राही तयार केले आहेत. इतकी त्या लोहाची किंमत!

औषधाच्या कामात हे लागतं कुठे?

लोकांना वाटतं इंजेक्शनात. आज त्याचा मोठा वापर आहे तो पेशी वाढवण्यासाठी. लस, प्रतिपिंडं, कर्करोगावरची आधुनिक औषधं यांतली पुष्कळशी जिवंत पेशींकडून करून घेतात, आणि त्या पेशींना बाटलीतल्या मीडियात, म्हणजे त्यांच्या खाद्यद्रवात, लोह पोचवावं लागतं. 2023 मध्ये भारतात मंजूर झालेली कार-टी उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आली. तिच्यात रुग्णाच्याच पेशी शरीराबाहेर वाढवून परत देतात. अशा सगळ्या कामांत पेशींच्या खाण्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं.

पूर्वी त्यासाठी वासराच्या रक्ताचा सीरम वापरायचे, अजूनही कितीतरी ठिकाणी वापरतात. पण जनावरांच्या रक्तातून विषाणू किंवा वेड्या गाईच्या रोगाचा घटक येण्याची भीती असते, शिवाय प्रत्येक लॉट वेगळा. म्हणून सीरम नसलेला मीडिया आला, आणि त्यात इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम वरून घालायची पद्धत पडली. आमच्याकडे एकदा नव्या मुलाकडून ही भर घालायची राहून गेली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशींची वाढ थांबलेली, बऱ्याचशा गोल होऊन तळापासून सुटलेल्या. काय राहिलंय ते वही उघडायच्या आधीच माझ्या लक्षात आलं होतं.

दुसरा उपयोग फार थोड्यांसाठी आहे, पण त्यांच्यासाठी जीवनमरणाचा. काही मुलांच्या शरीरात जन्मतःच ट्रान्सफेरिन जवळजवळ तयार होत नाही. 1961 मध्ये जर्मनीत या आजाराचं पहिलं वर्णन झालं. यात एकीकडे तीव्र ॲनिमिया आणि दुसरीकडे यकृत-हृदयात लोहाचा साठा, अशी उलटी गत होते. त्यांना प्लाझ्मा किंवा रक्तातून शुद्ध केलेलं ट्रान्सफेरिन देतात.

रक्तातून मिळतं, तर झाडात कशाला करायचं?

रक्तद्रवातून अल्ब्युमिनसारखी प्रथिनं वेगळी करणारा कारखाना आपल्या रबाळ्यातच आहे, तेव्हा ते शक्य आहे हे उघडच आहे. पण कच्चा माल म्हणजे माणसं. एका रक्तदानातून दोनशे मिलिलिटरच्या आत-बाहेर प्लाझ्मा मिळतो, त्यात ट्रान्सफेरिन अर्धा ग्रॅम. 2010 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी भाताच्या दाण्यात ते दाण्याच्या वजनाच्या एक टक्क्यापर्यंत आणलं. म्हणजे किलोभर तांदळात दहा ग्रॅम. वीस रक्तदात्यांइतकं! शुद्ध करताना निम्मं वाया गेलं तरी दहा दात्यांचं काम एक किलो तांदूळ करतो.

दुसरं कारण सुरक्षितता. हिमोफिलियाच्या हजारो रुग्णांना रक्तातून बनवलेल्या औषधांमुळे एचआयव्ही आणि हिपॅटायटिस झाला. फार जुनी गोष्ट नाही ही, 1980 च्या आसपासची. आज तपासण्या आणि विषाणू नष्ट करायच्या पद्धती कितीतरी चांगल्या आहेत. तरीही माणसाला होणारे विषाणू भाताच्या रोपात वाढतच नाहीत, ही निश्चिंती वेगळीच. मात्र झाडाच्या स्वतःच्या भानगडी असतात: बुरशीची विषं, कीटकनाशकांचे अंश, मातीतल्या जिवाणूंचे अवशेष. ते सगळं काढून टाकावं लागतं आणि काढलं आहे हे दाखवून द्यावं लागतं.

इन्सुलिन जिवाणूंत करतात, मग हे का नाही?

इन्सुलिन छोटं, 51 अमिनो आम्लांचं. ट्रान्सफेरिन 679 अमिनो आम्लांचं, आणि त्याची घडी बसते ती गंधकाच्या 19 टाक्यांनी. एक टाका चुकला तरी खण नीट होत नाही. ई-कोलायसारख्या जिवाणूत त्याचा चिकट गोळा होऊन बसतो आणि तो सोडवून नव्याने घडी घालणं म्हणजे वैताग. झाडाच्या पेशीत घडी घालायची यंत्रणा आपल्या पेशीसारखीच असते. यीस्टही हे काम करतं, ते मी नाकारत नाही, पण त्याला स्टीलच्या मोठ्या टाक्या लागतात.

भातात माणसाचं जनुक घालतात म्हणजे कुणाचं तरी रक्त वापरतात का?

नाही. ट्रान्सफेरिनच्या जनुकाचा अक्षरक्रम माहीत आहे, तो यंत्रावर रसायनांतून लिहून काढतात. लिहिताना भाताच्या पेशीला वाचायला सोपे पडतील असे शब्द निवडतात, अर्थ तोच राहतो. त्याला भाताचाच एक ‘स्विच’ जोडतात, जो फक्त दाणा भरताना चालू होतो. पानांत, मुळांत ट्रान्सफेरिन बनत नाही, साठतं ते दाण्याच्या पिठूळ भागात. मग हे जनुक भाताच्या ऊतीत सोडतात, ज्या पेशींनी ते स्वीकारलं त्यांपासून रोपं वाढवतात, आणि पिढ्यान् पिढ्या निवड करत वाण स्थिर करतात. यात काही वर्षं जातात. तयार मालात माणसाच्या किंवा जनावराच्या शरीरातलं काहीही नसतं.

तंबाखूच्या झाडाबद्दलही वाचलं होतं. चांगलं कोणतं?

मला भात बरा वाटतो. कॅनडातल्या वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठातल्या गटाने 2010 मध्येच तंबाखूत माणसाचं ट्रान्सफेरिन करून दाखवलं आणि ते लोह धरतं, पेशींना पोचवतं हेही दाखवलं, पण प्रमाण विद्राव्य प्रथिनाच्या एक टक्क्यापेक्षा पुष्कळ कमी होतं. तंबाखूचं पान हिरवं असतानाच कुटावं लागतं, नाहीतर पानातली विकरं (एन्झाइम) प्रथिन खाऊन टाकतात. शिवाय हिरवा रंग आणि निकोटिन काढत बसायचं. भाताचा वाळलेला दाणा मात्र पोत्यात पडून राहतो. प्रथिन त्यात टिकतं, हवं तेव्हा दळा. आमच्या मुरबाडच्या घरी आजी कणगीत वर्षाचं भात ठेवायची, त्यामागचं शास्त्र हेच: दाणा म्हणजे झाडाने स्वतःच बांधलेलं कोठार.

तंबाखूच्या एका रानटी भावंडात मात्र बियाण्याची वाट न बघता, पानांत जनुक तात्पुरतं शिरवून आठवड्याभरात प्रथिन मिळतं. साथीच्या काळात ही घाई कामाची. कॅनडात 2022 मध्ये कोविडची एक लस अशाच पद्धतीने मंजूर झाली होती.

दाण्यातून प्रथिन बाहेर कसं काढतात?

इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे माझं काम आणि सगळ्यात दुर्लक्षित राहणारं. बातमीत झाडाचा फोटो येतो. औषध घडतं ते कॉलमवर, म्हणजे प्रथिनं वेगळी करायच्या, मण्यांनी भरलेल्या नळीत.

दाण्यांचं टरफल काढून ते दळतात. पीठ मिठाच्या आणि आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावात ढवळतात. भाताची स्वतःची प्रथिनं बहुतेक अशा द्रावात विरघळत नाहीत, ट्रान्सफेरिन विरघळतं. इथे भाताने आपलं निम्मं काम आधीच करून ठेवलेलं असतं, आणि भात मला आवडायचं हेही एक कारण. गाळून घेतलेला द्राव विद्युतभार असलेल्या मण्यांच्या कॉलममधून सोडला की ट्रान्सफेरिन मण्यांना धरून राहतं, बाकीचं वाहून जातं. मग मिठाचं प्रमाण हळूहळू वाढवलं की ते सुटून खाली येतं.

ऐकायला सोपं आहे. पण पीठ एखाद्या दिवशी जास्त बारीक दळलं गेलं तर स्टार्चचा चिखल होऊन गाळणी बसते. द्राव उन्हाळ्यात दोन तास बाहेर राहिला तर जिवाणू वाढतात, आणि त्यांचे अवशेष शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाहीत. पेशींच्या मीडियासाठी लागणारी शुद्धता आणि माणसाच्या शिरेत द्यायची शुद्धता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रत्येक बॅच मागच्या बॅचसारखीच आहे हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. झाडात एखादं प्रथिन तयार झालं म्हणजे ते स्वस्त होणार असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारते, शुद्धीकरणाचा खर्च धरलाय का?

झाडातलं ट्रान्सफेरिन आणि आपल्यातलं, दोन्ही अगदी एकच का?

अमिनो आम्लांची माळ तीच. फरक पडू शकतो साखरेत. आपल्या ट्रान्सफेरिनवर दोन ठिकाणी साखरेच्या साखळ्या लटकतात. झाडं जोडतात त्या साखळ्यांत झायलोज आणि वेगळ्या पद्धतीने जोडलेली फ्युकोज असते, जी माणसात नसते. इंजेक्शनातून दिल्यावर शरीर तिला परकं समजेल का, ही काळजी रास्त आहे. भाताच्या दाण्यातल्या त्या ट्रान्सफेरिनवर साखर बसलेलीच आढळली नाही, आणि तरीही ते नीट काम करत होतं. साखरेवाचून ट्रान्सफेरिनचं लोह धरण्याचं काम अडत नाही. रुग्णाच्या शरीरात दीर्घकाळ दिलं तर काय, हा प्रश्न मात्र रुग्णांवरच्या चाचण्यांनीच सुटतो.

हा भात शिजवून खाल्ला तर हिमोग्लोबिन वाढेल का?

नाही. सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच, आणि तो का विचारला जातो ते मला कळतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना ॲनिमिया आढळला. म्हणजे माझ्या मैत्रिणींपैकी निम्म्याहून जास्त.

पण बघा. शिजवल्यावर प्रथिनाची घडी मोडते. न शिजवता घेतलं तरी पोटात डाळीच्या प्रथिनासारखं पचून जातं. आणि समजा, काही जादू होऊन ते सगळं रक्तात पोचलं, तरी एक ग्रॅम ट्रान्सफेरिनवर एका वेळी लोह मावतं 1.4 मिलीग्रॅम. सरकारी लाल गोळीत 60 मिलीग्रॅम असतं. त्या एका गोळीइतकं लोह उचलायला चाळीस ग्रॅमहून जास्त ट्रान्सफेरिन लागेल.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: लोह कमी झालं की आपलं यकृत ट्रान्सफेरिन आपणहून वाढवतं. लॅबच्या रिपोर्टमध्ये टीआयबीसी (रक्ताची लोह धरायची एकूण क्षमता) वाढलेलं आणि सॅच्युरेशन (भरलेल्या खणांचं प्रमाण) सोळा-वीस टक्क्यांच्या खाली दिसतं, ते म्हणूनच. किटल्या भरपूर आहेत, दूध नाही. अशा वेळी आणखी किटल्या देऊन काय होणार? गोळी घ्या, जेवताना लिंबू पिळा, गोळीच्या आगेमागे चहा टाळा, आणि लोह का कमी झालं ते डॉक्टरांकडून शोधून घ्या. पाळीत जास्त रक्त जात असेल तर आधी त्याचा उपचार.

माझ्या मुलाला थॅलेसेमिया आहे. त्याला याचा उपयोग होईल?

उल्हासनगरच्या त्या ताईंना जे सांगितलं तेच इथे सांगते. आज नाही. चालू असलेली लोह उतरवायची गोळी किंवा पंप या आशेवर एक दिवसही बंद करू नका.

या आजारात शरीराला पुरेसं हिमोग्लोबिन बनवता येत नाही, म्हणून वारंवार रक्त द्यावं लागतं. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे मिलीग्रॅमच्या वर लोह शरीरात येतं, आणि शरीर दिवसाला एक-दोन मिलीग्रॅमपेक्षा जास्त बाहेर टाकू शकत नाही. ट्रान्सफेरिनचे खण भरून जातात आणि उरलेलं सुटं लोह हृदयात, यकृतात, ग्रंथींत जाऊन बसतं. ट्रान्सफेरिन लोह शरीराबाहेर काढत नाही, फक्त जागा बदलतं. पिशवीभर रक्ताचं लोह नुसतं धरायला दीडशे ग्रॅमच्या आसपास लागेल. ते डेफेरासिरॉक्सची, म्हणजे लोह उतरवायच्या गोळीची, जागा घेऊ शकत नाही.

2010 मध्ये मात्र एक संशोधन प्रसिद्ध झालं, ज्याने मला फार उभारी दिली. बीटा थॅलेसेमियाच्या उंदरांना ट्रान्सफेरिन टोचलं तर त्यांचं हिमोग्लोबिन सुधारलं आणि वाढलेली प्लीहा लहान झाली. लोह थोडं-थोडं, जास्त रेणूंवर वाटून मिळाल्याने लाल पेशी घडवण्याचं काम सुधारतं, असा त्याचा अर्थ. पण ते उंदीर होते, आणि आजार त्या मानाने सौम्य होता. आजवर झाडातून काढलेलं ट्रान्सफेरिन शिरेत द्यायचं औषध म्हणून मंजूर झालेलं नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

लॅक्टोफेरिन म्हणजे हेच का?

चुलत भावंड. आकार तसाच, खण दोनच, पण ते दुधात असतं, आईच्या चिकात सर्वांत जास्त, आणि आंबटपणातही लोह सहज सोडत नाही. दुकानात मिळतं ते बहुधा गाईच्या दुधातलं. भातातही माणसाचं लॅक्टोफेरिन केलं गेलं. पेरू देशात जुलाब झालेल्या 140 बाळांना जलसंजीवनीतून ते आणि लायसोझाइम हे जंतू मारणारं प्रथिन दिल्यावर जुलाब सुमारे दीड दिवस लवकर थांबले. त्या बाळांच्या आयांना पुरेशी माहिती दिली होती का, यावरून मात्र वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. उलट ब्रिटनमध्ये अपुऱ्या दिवसांच्या 2,203 बाळांवर गाईच्या लॅक्टोफेरिनची चाचणी झाली, तिचा 2019 चा निकाल: जंतुसंसर्ग कमी झाला नाही.

आम्ही मुरबाडला भात लावतो. हा वाण मिळाला तर चार पैसे जास्त मिळतील का?

दादा, हिशेब करू. हेक्टरी अडीच टन तांदूळ धरा. एक टक्का म्हणजे 25 किलो ट्रान्सफेरिन, निम्मं वाया गेलं तर साडेबारा किलो. एक लिटर मीडियाला साधारण दहा मिलीग्रॅम पुरतं. म्हणजे एका हेक्टरात साडेबारा लाख लिटर मीडियाची सोय झाली. इतक्या थोड्या जमिनीत एवढं भागत असेल तर गावोगावी लावायचं पीक हे कधीच होणार नाही. कंपनी स्वतःच्या कुंपणात किंवा काचघरात करेल. तुमच्यासाठी कर्जत आणि पनवेलच्या भात संशोधन केंद्रांचे वाणच खरे.

वाऱ्याने परागकण उडून आमच्या भातात मिसळलं तर?

भाताचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतं, बाहेरचा पराग क्वचित लागतो. मला भीती वाऱ्यापेक्षा माणसांची वाटते: खळं, मळणी यंत्र, पोती, मागच्या वर्षी सांडलेले दाणे. अमेरिकेत नेब्रास्कात 2002 मध्ये असंच झालं. औषधी मक्याचे पडीक दाणे पुढच्या हंगामात सोयाबीनमध्ये उगवले, आणि गोदामातलं पाच लाख बुशेल, म्हणजे साडेतेरा हजार टन सोयाबीन नष्ट करावं लागलं. कंपनीला अडीच लाख डॉलर दंड झाला. औषधी भात करणाऱ्या व्हेंट्रिया कंपनीला 2005 मध्ये मिसुरीतल्या भातपट्ट्यात विरोध झाला. एका बड्या बियर कंपनीने तिथला तांदूळच घेणार नाही असं सांगितल्यावर व्हेंट्रियाने पुढे कॅन्सस गाठलं, जिथे भातशेती होतच नाही.

मला हा विरोध योग्य वाटतो. औषध आणि अन्न एकाच शिवारात नको. कोकणात तर भात हेच जेवण, आणि बांधांवर रानभातही उगवतो. इथे असं पीक करायचंच असेल तर बंद काचघरात करावं, आणि त्याचं मळणी यंत्र दुसऱ्या कुणाच्या खळ्यावर कधीही जाऊ नये.

भारतात याला परवानगी कोण देतं?

जनुक बदललेल्या सजीवांसाठी 1989 चे नियम आहेत. पर्यावरण मंत्रालयाची जीईएसी समिती शेतातल्या वापराचं बघते, औषध म्हणून मंजुरी केंद्रीय औषध नियंत्रकांकडून. लागवडीसाठी मोठ्या प्रमाणावर आलेलं जनुक बदललेलं पीक म्हणजे 2002 चा बीटी कापूस. बीटी वांगं 2010 पासून थांबलेलं आहे.

हे प्रथिन डोळ्यांना दिसतं का?

दिसतं, आणि त्यासाठीच मी त्या दिवशी महाविद्यालयात दोन नळ्या नेल्या होत्या. रिकामं ट्रान्सफेरिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. त्यात थोडा सोडा आणि लोहाचा क्षार घातला की बघता बघता गुलाबी होतं, पिकल्या पेरूच्या आतल्या गरासारखं. मग सायट्रेट आणि थोडं आम्ल घातलं की रंग जातो, लोह सुटलेलं असतं. मुलांनी नळी बाकांवरून हातोहात फिरवली. शेवटच्या रांगेत पोचली तेव्हा उल्हासनगरच्या त्या ताईंनी ती खिडकीपाशी नेली, मुलाला जवळ घेतलं आणि उजेडात धरून दोघं बराच वेळ पाहत राहिले.